पुण्याची खोली सोडून सांगलीला घरी परतताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बी.ई. कॉम्प्युटर झालं, कॅम्पसमधून नोकरी लागली नाही, जूनअखेर खोली सोडायची आहे. सांगलीत दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. घरी आई, बाबा, आजी आणि यंदा बारावीत गेलेला भाऊ. चार वर्षं बाहेर काढल्यावर घरी कसं जमवायचं, आणि निघण्याआधी काय काय उरकायचं?

आधी उरकायचं ते पाहू, कारण ते राहिलं तर एकेका सहीसाठी सांगली-पुणे असे जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर पडतात.

कॉलेजचा नो ड्यूज फॉर्म, म्हणजे काही देणं बाकी नाही याचा कागद, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. लायब्ररी, लॅब, होस्टेल, अकाउंट्स या सह्या एका दिवसात होत नाहीत. कुणीतरी रजेवर असतंच. त्या फॉर्मवरच प्रवेशाच्या वेळी भरलेलं डिपॉझिट परत मिळतं. त्याची मूळ पावती मागतात, म्हणून पहिल्या वर्षाची फाइल आत्ताच शोधून ठेव. एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, हातात घेतल्यावर रजिस्टरवर सही करण्याआधी नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात-पोटजातीचा रकाना दहावीच्या एलसीशी जुळवून बघ. चूक तिथल्या तिथे सुधारून मिळते. सहा महिन्यांनी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि खेटे. मूळ एलसी पुढच्या प्रवेशाला द्यावी लागते आणि ती परत येत नाही, म्हणून तिचं रंगीत स्कॅन आणि पाच-सहा झेरॉक्स काढून ठेव. प्रवेशाच्या वेळी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कॉलेजात जमा केल्या असतील तर त्याही मागून घे.

शेवटच्या सत्राची छापील गुणपत्रिका निकालानंतर बरेच दिवसांनी कॉलेजात येते आणि पदवी प्रमाणपत्राचा अर्ज विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो. त्यासाठी पुण्यातच राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या नावे अधिकारपत्र लिहून ठेव: तुझं नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), कोणता कागद घ्यायचा, तिचं नाव, दोघींच्या सह्या, सोबत दोघींच्या ओळखपत्रांच्या प्रती. ऑफिसात आधी विचार, चालतं का. बहुतेक ठिकाणी चालतं. आणि सांगलीतलं घर नदीच्या बाजूला असेल तर या सगळ्या मूळ कागदांची फाइल वरच्या फळीवर, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेव. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या घरात हे वेगळं सांगायला लागू नये, पण कागद खालच्या खणातच सापडतात.

कॉम्प्युटरवाल्यांकडून हमखास राहणारी गोष्ट म्हणजे कॉलेजचा ईमेल. गिटहब, लिंक्डइन, नोकरीची पोर्टलं, कोडिंगच्या साइट्स हे सगळं त्याच आयडीवर उघडलेलं असतं, आणि कॉलेज तो कधी बंद करेल याचा नेम नसतो. प्रत्येक ठिकाणी वैयक्तिक ईमेल मुख्य करून घे. प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि कोड कॉलेजच्या ड्राइव्हवरून आपल्याकडे उतरवून घे. एका संध्याकाळचं काम आहे.

महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहाचा निर्वाह भत्ता लागू असेल तर शेवटच्या वर्षाचा हप्ता तू घरी गेल्यावर येऊ शकतो. मंजुरी आल्यावर लॉगिन करून रिडीम आपल्यालाच करावं लागतं. पैसे आपोआप येतात असं समजून मुलं बसून राहतात. तोपर्यंत आधारला जोडलेलं बँक खातं आणि अर्जातला मोबाइल नंबर, दोन्हींना हात लावू नकोस. पुण्यात असताना आधारवरचा पत्ता बदलला असेल तर घरी आल्यावर बाबांच्या आधारच्या आधाराने तो ऑनलाइन परत फिरवता येतो. कुटुंबप्रमुखाच्या संमतीचा पर्याय निवडायचा, आणि बाबांनी त्यांच्या लॉगिनमधून ३० दिवसांच्या आत मान्यता द्यायची.

खोलीचं सांगायचं तर कॉट बेसिसवरही, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं देत असलीस तरी, महिनाभर आधी सांगायची अट असते. तोंडी न सांगता मेसेज टाक, म्हणजे तारीख राहते. सामान हलवल्यावर भिंती, पंखा, बाथरूमचा नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढ. डिपॉझिटातून रंगकाम आणि लाइटबिल कापायची सवय सगळीकडे आहे, फोटो असले की कापणारा हात थोडा आखडतो. मेसचे खाडे धरून उरलेला हिशेब शेवटच्या आठवड्याआधी मिटव, कारण जूनमध्ये मेसवाल्यांकडे निघणाऱ्यांची रांग असते.

सामानात काय आणायचं याबाबत सहसा उलटं होतं. मुली कपड्यांच्या चार बॅगा आणतात आणि टेबल-खुर्ची दीड हजाराला ज्युनिअरला देऊन टाकतात. घरी कपड्यांना कपाट नसतं आणि टेबलाची खरी गरज घरीच लागते. टेबल, खुर्ची, एक्स्टेंशन बोर्ड आण. इंडक्शन, किटली, बादली, कूलर विकून टाक. अभियांत्रिकीची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जाऊन दे; घरी आणलीस तर ती दहा वर्षं माळ्यावर राहतील. सांगली, मिरज, कोल्हापूरकडे जाणाऱ्या दोघी-तिघी मिळून छोटा टेम्पो केलात तर ट्रॅव्हल्सच्या डिकीसाठी घासाघीस करण्यापेक्षा बरं पडतं. दुचाकी रेल्वेने पाठवायची असेल तर पार्सल ऑफिसला आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, गाडी गोणपाटात बांधावी लागते आणि टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. टाकीत पेट्रोल असलं तर तिथेच अडवतात.

शैक्षणिक कर्ज असेल तर घरी जाण्याआधी शाखेत एकदा बसून ये. बहुतेक सरकारी बँकांत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. समजा दरवर्षी एक लाख असं ४ लाख उचललं आणि व्याज सरळ १० टक्के आहे. कोर्स संपेपर्यंत व्याज १ लाख झालेलं असतं, पुढच्या सवलतीच्या वर्षात आणखी ४० हजार. म्हणजे ५ लाख ४० हजारांवर सात वर्षांचा हप्ता बसतो, साधारण ८,९६० रुपये. या वर्षात महिन्याला ३,३३३ रुपये नुसतं चालू व्याज भरत गेलीस तर हप्ता ८,३०० च्या आसपास येतो. हे ३,३३३ बाबा भरणार, तू भरणार की कुणीच नाही, हे आकड्यानिशी ठरव. कर्ज घेताना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज सवलत आपल्या खात्याला लागली आहे का, हेही त्याच भेटीत विचार. शाखेने आपणहून सांगितलं असेलच असं नाही.

आता घर.

घरात कटकट नोकरी नसल्यामुळे कमी आणि तुझा दिवस कुणाला दिसत नसल्यामुळे जास्त होते. बाबा ऑफिसला जातात, भाऊ क्लासला जातो, आई दिवसभर कशाला ना कशाला हात लावत असते. तू लॅपटॉपपुढे बसलेली. त्यात तू टेस्ट देते आहेस, अर्ज भरते आहेस की सिरियल बघते आहेस, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. पहिले पंधरा दिवस लाड होतात, मग "एवढी शिकून घरात बसलीय" हे वाक्य कुठूनतरी येतं, बहुतेक वेळा शेजारून किंवा मावशीच्या फोनवरून. त्यानंतर बोलायला बसलं की ते भांडण होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात, रात्रीची जेवणं झाल्यावर, आई-बाबा दोघांसमोर बस. आजी आणि भाऊ तिथे नसलेले बरे. आजीसमोर बाबा बोलत नाहीत आणि भावासमोर आई जास्त बोलते.

त्या बैठकीत एक तारीख सांग. "बघते काही दिवस" याला घरात काहीच अर्थ नसतो. ३१ डिसेंबर सांग, म्हणजे सहा महिने. तोपर्यंत सॉफ्टवेअरमधली नोकरी शोधायची. तारीख आली आणि हातात काही नसलं तर काय, तेही आत्ताच सांग: पगार कमी असला तरी पुण्यात मिळेल ते काम, सांगली-कोल्हापुरातल्या कंपनीत शिकाऊ म्हणून, किंवा पुढचं शिक्षण. आणि या बैठकीत बाबा "मग एमपीएससीच कर ना" म्हणतील, याची तयारी ठेव. एमपीएससी हा दोन-तीन वर्षांचा वेगळा निर्णय आहे. नोकरी लागत नाही म्हणून रिकाम्या वेळात सुरू केलेली एमपीएससी धड होत नाही आणि नोकरीचा शोधही तिच्यामागे लपतो. करायची असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळी मुदत घालून बोला.

बोलणं झाल्यावर एक साधी शीट उघड: तारीख, कंपनी, कुठून अर्ज केला, उत्तर, पुढची पायरी. दर रविवारी सकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटं बाबांना ती दाखव. आठवड्यात वीस अर्ज, दोन टेस्ट, एक नकार, एवढं सांगितलं तरी पुरतं. त्याचा फायदा असा की मधल्या सहा दिवसांत "काय झालं का कुठे?" हा प्रश्न येत नाही. आला तर "रविवारी सांगते" एवढंच म्हणायचं, आणि रविवारी खरंच सांगायचं. दोन रविवार चुकले की शीट संपली असं समज.

कामाचे तास घड्याळाला बांध: १० ते १ आणि ३ ते ६. या वेळात कोथिंबीर आणायला जाणं नाही, कुरिअर घेणं नाही, आजीच्या मोबाइलचं व्हॉट्सॲप बघणं नाही. आईला हे पटायला महिना लागतो, कारण घरात दिसणारं माणूस मोकळंच असतं असा घराचा नियम आहे. ते पटवायचा उपाय असा की या तासांबाहेरचं काम मदत म्हणून न करता पूर्ण जबाबदारी म्हणून अंगावर घ्यायचं. मदत दिसत नाही. भांडी लावली तरी "जरा कणीकही मळ" येतंच. त्याऐवजी आठवड्यातले तीन दिवस रात्रीचा स्वयंपाक तुझा, भाजी काय करायची इथपासून ओटा पुसेपर्यंत. किंवा आजीची औषधं तुझी: दर शनिवारी सात दिवसांचा डबा भरायचा, संपत आलेली गोळी पाच दिवस आधी आणायची, डॉक्टरांची तारीख लक्षात ठेवायची. लाइटबिल, गॅस नोंदवणं, पाणीपट्टी हेही घेता येईल.

या घरात तुला शोभणारं आणखी एक काम आहे, ते म्हणजे भावाचे प्रवेशाचे कागद. पुढच्या वर्षी त्याला सीईटी आणि कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) करायचे असतील तर डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, आणि राखीव जागेसाठी जात पडताळणी हे सगळं आत्ता सुरू व्हायला हवं. पडताळणीचा अर्ज बारावीच्या कॉलेजच्या पत्रासह जिल्हा समितीकडे जातो आणि त्याला महिने लागतात. जूनमध्ये सेतूत, म्हणजे दाखल्यांच्या सरकारी केंद्रात, रांगा लावणाऱ्या आईबापांना हेच टाळायचं असतं हे उशिरा कळतं. तू यातून गेली आहेस, घरात हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. मात्र त्याला शिकवायचं ठरलं तर आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, एकच विषय. नाहीतर तू घरची फुकटची क्लासवाली होतेस आणि त्याचे मार्क पडले तर दोषही तुझा.

जागेचा प्रश्न खरा आहे. हॉलमध्ये टेबल मांडू नकोस. सात वाजता टीव्ही लागतो आणि दारावरची बेलही तिथेच. तुझ्या आणि भावाच्या, किंवा तुझ्या आणि आजीच्या खोलीत खिडकीपाशी टेबल लाव आणि वेळ वाटून घे. भाऊ सकाळी कॉलेज-क्लासला असतो तो वेळ तुझा, संध्याकाळी सातनंतर खोली त्याची. जमत नसेल तर महिन्याला काहीशे ते हजार-दीड हजार रुपयांत अभ्यासिका मिळते. तिथे शांतता असते, पण बोलता येत नाही, म्हणून मुलाखतीसाठी ती निरुपयोगी. ऑनलाइन मुलाखत घरातच द्यावी लागेल. आदल्या दिवशी सगळ्यांना वेळ सांग. कुकर, मिक्सर आणि आजीची पूजेची घंटा यांची वेळ त्याप्रमाणे हलवता येते. वीज गेली तर लॅपटॉप चालतो आणि राउटर बंद पडतो, हे मुलाखतीच्या मध्यात कळतं. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेऊन ठेव. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळव. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ चेही निघतात. मोबाइलचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असेल तर हॉटस्पॉट खरा कामी येतो.

झोपेवरून खटके उडणारच. खोलीवर रात्री दोन वाजता झोपायची सवय, आई साडेपाचला उठते. बाराला दिवा बंद, हेडफोन, आणि सकाळी साडेसातला आंघोळ करून बाहेर, एवढं पाळलंस तर उशिरापर्यंत लोळण्याबद्दलचं अर्धं बोलणं संपतं. बाहेर जाताना परवानगीच्या सुरात विचारू नकोस आणि न सांगताही जाऊ नकोस: कुठे, कुणाबरोबर, किती वाजता परत. उशीर होणार असेल तर आठच्या आत मेसेज. भावाला हे नियम नाहीत हे तुला दिसेल, आणि ते चूकच आहे. पण तो मुद्दा एखाद्या रात्री उशिरा आल्यावर दारात उभं राहून मांडलास तर हरशील. दिवसा, शांतपणे, आधी आईशी बोल.

स्थळांचा विषय दिवाळीपर्यंत येतो. "नुसतं नाव नोंदवून ठेवू, लगेच काही करायचं नाही" या वाक्याला हो म्हणू नकोस. एकदा पत्रिका आणि फोटो वधू-वर सूचक मंडळात गेले की ते व्हॉट्सॲपवर फिरतात, मग कुणीतरी "चांगलं घर आहे, बघून तर घे" म्हणतं, आणि नाही म्हणायचं ओझं तुझ्यावर येतं. ठरलेल्या तारखेपर्यंत पत्रिका कुणालाही द्यायची नाही, हे पहिल्याच बैठकीत सांग. नातेवाइकांच्या "सध्या काय?" ला आईने आणि तू एकच उत्तर द्यायचं: "पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या टेस्ट चालू आहेत, वर्षअखेरपर्यंत कळेल." दोघींची उत्तरं वेगळी पडली की लग्नसमारंभात चौकशी समिती बसते.

पैसे रोज मागू नकोस. बाबांकडून महिन्याला एक ठरावीक रक्कम घे, समजा ३,००० रुपये, ज्यात रिचार्ज, झेरॉक्स, अभ्यासिका आणि पुण्याची एक फेरी बसेल. मुलाखती शक्यतो सलग दोन-तीन दिवसांत लाव, मैत्रिणीच्या खोलीवर राहा. नोकरीसाठी आधी डिपॉझिट मागणारा, मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा किंवा ट्रेनिंगचे पैसे भरा मग जॉइनिंग म्हणणारा भेटला की तिथून उठायचं. सहाव्या महिन्यात माणूस अशाच ठिकाणी फसतो. घरच्या आरोग्य विम्यात तू आहेस का तेही बघ. फ्लोटर पॉलिसीत, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र विम्यात, मुलांची वयोमर्यादा बहुधा २५ असते, आणि काही पॉलिसींत कमवायला लागलं की नाव गळतं.

घरून करायची नोकरी लागली, समजा २०,००० ची, तर पहिल्या महिन्यापासून पाचवा हिस्सा आईच्या हातात दे, दर महिन्याला त्याच तारखेला. आई-बाबा नको म्हणतील. मग ब्रॉडबँड आणि लाइटबिल आपल्या खात्यातून भर. ते कुणी परत करत नाही. साड्या आणि मिक्सर ही भेट झाली, वाटा नव्हे.

आणि पुण्याला परत जायचे पैसे आजपासून वेगळे ठेव. कॉटचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, मेसचा ॲडव्हान्स आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचा दीड महिना, असं धरून २५ हजारांच्या आसपास लागतात. कॉलेजचं आणि खोलीचं परत आलेलं डिपॉझिट जसंच्या तसं त्या खात्यात टाक, आणि ते कशासाठी आहे हे बाबांना सांगून ठेव, नाहीतर भावाच्या क्लासच्या दुसऱ्या हप्त्याला ते सगळ्यात आधी आठवतील. जॉइनिंगचा मेल आणि रुजू व्हायची तारीख यांत कधीकधी चारच दिवस असतात.